तुम्हाला काही झालेले नाही!

दिवाळी अंकात दुखण्याखुपण्याविषयी लिहू नये असा एक अलिखित संकेत आहे. संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती, आणि तीही शक्य तो हलकीफुलकी. त्यांची क्षमा मागून मी हा लेख पाठवीत आहे. कारण ज्या घरांत हा अंक उघडला जाईल, त्यांतल्या एखाद्या घरात चकल्यांचा शेवटचा घाणा काढून कोणी बाई आतल्या खोलीत जाऊन पालथी पडली असेल, आणि बाहेर पाहुण्यांना कोणी सांगत असेल, "तिला काही नाही हो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

या 'काही नाही'शी माझे भांडण आहे.

माझी थोरली बहीण, आमची ताई, गेली अकरा वर्षे दुखण्यात आहे. दुखणे एका जागी राहत नाही. प्रथम कंबर धरली. मग मानेपासून करंगळीपर्यंत चमक येऊ लागली. मग छातीत धडधड, घशात काही अडकल्यासारखे, पोटात गोळा. आणि या सर्वांवर कायमचा थकवा, सकाळी अंथरुणातून उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखा. तिच्याजवळ एक फाइल आहे. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, दोनदा पोटाची सोनोग्राफी आणि एकदा पाठीच्या कण्याचा एमआरआय. एमआरआयसाठी मेहुण्यांनी पतपेढीतून कर्ज काढले. रिपोर्ट निर्दोष आला. घरात आनंद व्हायला हवा होता. मेहुणे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत आणि ताई न्हाणीघरात जाऊन रडली.

निर्दोष रिपोर्ट हातात घेऊन रडणारी बाई लोकांना विक्षिप्त वाटते. मला वाटत नाही. अकरा वर्षे ती एक साक्ष देत होती आणि त्या दिवशी यंत्राने तिच्याविरुद्ध साक्ष दिली.

ज्या मोठ्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट वाचला, ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चार मिनिटांत निकाल दिला. "तुम्हाला काही झालेलं नाही. मन कशात तरी रमवा." त्यांना धीरच द्यायचा असणार. पण दवाखान्यातून घरी पोहोचेपर्यंत त्या वाक्याला शिंगे फुटली. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरच म्हणाले ना?" मेहुणे म्हणाले, "उगीच आठ हजार गेले." आणि त्या वर्षी दिवाळीची जळमटे काढायला स्टुलावर ताईलाच चढवले गेले, कारण आता तिला काही झालेले नव्हते.

मला यात साळसूदपणाचा आव आणता येणार नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी एक आत्या घातली आहे. कपाळाला फडके बांधून, बामाचा वास पसरीत ती घरभर हिंडते आणि काम निघाले की तिच्या पोटात कळ येते. वाचक खूप हसले. पत्रेही आली, "आमच्या घरी अगदी अशीच एक आहे." ताईनेही ती कादंबरी वाचली. तिने मला एवढेच विचारले, "आत्याला शेवटी काय झालं होतं रे?" मला उत्तर देता आले नाही. कारण तिला काय झाले होते याचा विचार मी, तिचा निर्माता, एकदाही केला नव्हता.

असे दुखणे दुर्मीळ नाही. कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसून पाहावे. बायकांचे अंग मोडून येते, हातापायांना मुंग्या येतात, डोके जड होते. पुरुषांना 'गॅस' होतो. तो छातीत चढतो, पाठीत भरतो, डोक्यातही जातो म्हणे. गॅस या एका शब्दाखाली महाराष्ट्रातल्या पुरुषांनी किती भय, किती कर्जे आणि किती अपमान दडवून ठेवले असतील याची मोजदाद होणे कठीण आहे. आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. हातपाय गळतात, पोटात खड्डा पडतो, काळजाचे पाणी होते. 'जिवाला बरे वाटत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा तो जीव शरीरात धरायचा की मनात, हा प्रश्न कोणाही मराठी माणसाला पडत नाही. तो पडतो रिपोर्ट आल्यावर.

वैद्यकात अशा लक्षणांना बरीच वर्षे 'कारण न सापडलेली शारीरिक लक्षणे' म्हणत आले. नाव प्रामाणिक आहे: कारण आम्हाला सापडले नाही, एवढेच ते कबूल करते. पण 'सापडले नाही' यापासून 'नाही' हे अंतर आपण फार सहज ओलांडतो. माझ्या वर्गातल्या मुलाला गणित सुटले नाही तर 'या गणिताला उत्तरच नाही' असे त्याने म्हटलेले मी चालवून घेत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाची नवी आवृत्ती काढली तेव्हा अशा विकारांच्या व्याख्येतून 'कारण सापडता कामा नये' ही अटच काढून टाकली. लक्षण आहे, त्याने माणसाचे जगणे व्यापले आहे, त्याच्या काळजीत दिवस जात आहेत, हे पुरेसे मानले. ही गोष्ट आपल्या दवाखान्यांच्या बाकांपर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही.

आता अशा माणसाचे करायचे काय? माझे म्हणणे असे की, ज्याला 'काही नाही' सांगितले गेले आहे, त्याला तेच सांगितले गेलेल्या आणखी सात-आठ जणांबरोबर एका खोलीत बसवावे, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, नेमाने. आणि याला औषधोपचार मानावे. करमणूक मानू नये, उपकार मानू नयेत.

ही कल्पना माझी नाही, आणि आजचीही नाही. अमेरिकेत बॉस्टन शहरी जोसेफ प्रॅट नावाचा डॉक्टर होता. १९०५ साली त्याने गरीब क्षयरोग्यांचा एक 'वर्ग' सुरू केला. ज्यांना सॅनिटोरियमचा खर्च झेपत नव्हता अशांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायचे, त्यांच्या वह्या तपासायच्या, वजन करायचे आणि विश्रांती, मोकळी हवा व आहार यांविषयी सांगायचे. पैसा पुरवला एका चर्चने. एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावे, असा साधा हिशेब त्यामागे होता. कोणत्याही मास्तराला सुचेल तो. पण हळूहळू ध्यानात आले की, रोगी त्याच्या व्याख्यानाने जेवढे सुधारतात त्याहून अधिक एकमेकांच्या संगतीने सुधारतात. गटाने मानसोपचार करण्याच्या पद्धतीचा आरंभ पुष्कळ जण या वर्गापासून धरतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल मात्र १९३० आहे. त्या वर्षी प्रॅटने बॉस्टनच्या धर्मार्थ दवाखान्यात दुसरा वर्ग काढला, तो ज्यांच्या शरीरात रोग सापडत नव्हता आणि तरीही ज्यांची तक्रार थांबत नव्हती अशांसाठी. त्याला त्याने विचारसंयमाचा वर्ग म्हटले. अंग सैल सोडून स्वस्थ बसणे, डॉक्टरांचे चार शब्द, आणि मग जुन्या सभासदांनी आपली हकीकत सांगणे, असा साधारण क्रम. मला हे नाव आवडत नाही. त्यात 'विचार आवरा म्हणजे दुखणे आवरेल' असा मास्तरी दटावणीचा सूर आहे आणि तो मी चांगला ओळखतो. पण प्रॅटने एक गोष्ट केली. रोग सापडला नाही म्हणून त्याने रोग्याला घरी धाडले नाही, त्याच्यासाठी खुर्ची मांडली.

पुढे ही पद्धत पुष्कळ शहाणी झाली. डेन्मार्कमध्ये आऱ्हूस येथील रुग्णालयात अशा १२० रोग्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकून काहींना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना गटात बसवले. गटात नऊ जण, बैठका नऊ, प्रत्येक बैठक साडेतीन तासांची, आणि सगळे चार महिन्यांत. सोळा महिन्यांनी पाहिले तेव्हा गटात बसलेल्यांची शारीरिक स्थिती इतरांहून सरस होती. मी पुन्हा लिहितो, शारीरिक.

अर्थात ही जादू नव्हे. अशा लक्षणांवरील मानसोपचारांच्या २१ चाचण्या एकत्र मांडून २०१४ साली आढावा घेतला गेला; त्यात अडीच हजारांहून अधिक रोगी होते. निष्कर्ष असा की, गुण येतो, पण बेताचा. हा आकडा झाकून मला माझा पक्ष बळकट करायचा नाही. परंतु 'मन रमवा' या उपचाराने किती गुण येतो, याची चाचणी घेतल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही.

खोलीत असे होते तरी काय? ताई सात महिने अशा एका गटात जात होती, म्हणून थोडे सांगू शकतो. आमच्या तालुक्यापासून दीड तासावर एका शहरातल्या रुग्णालयात एक समुपदेशक बाई दर गुरुवारी दुपारी तो चालवीत. आठ बायका. पहिल्या दिवशी प्रत्येकीने आपली फाइल मांडीवर घेतली होती, जणू प्रवेशासाठी दाखले. बाईंनी सांगितले, "इथं दुखणं खरं आहे हे कुणाला सिद्ध करायचं नाही. ते धरूनच चालू या." ताई म्हणते, तेवढ्याने तिच्या मानेची शीर सैल झाली.

मग त्या शिकवू लागल्या. दुखले की भीती वाटते, भीतीने अंग आखडते, आखडलेले अंग अधिक दुखते. दुखू नये म्हणून माणूस पडून राहतो, त्याने स्नायू दुबळे होतात आणि पुढच्या वेळी थोड्या श्रमानेही कळ येते. उलट एखाद्या दिवशी बरे वाटले की बाई चार दिवसांचे काम एका दिवसात उरकते आणि पुढचे तीन दिवस झोपून काढते. हा शेवटचा प्रकार ऐकताच म्हणे आठही जणी हसल्या. तेव्हा काम रोज थोडे, ठरल्याइतकेच. बरे वाटले तरी जास्त नाही, नाही वाटले तरी शून्य नाही. श्वास सावकाश. आणि दहा डॉक्टर पालथे घालण्याऐवजी एकच डॉक्टर, ठरलेल्या तारखेला, दुखो वा न दुखो. हे सगळे एखाद्या पुस्तकातही वाचायला मिळेल.

पुस्तकात मिळणार नाही ते असे. एक बाई सांगत होती, तिच्या डाव्या हाताला रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ठणका लागतो. तिच्या फाइलमध्ये चार तज्ज्ञांचे कागद होते. शेजारी बसलेल्या बाईने सहज विचारले, "सहाला घरी कोण येतं?" खोली गप्प झाली. मग ती बाई बोलू लागली आणि वेळ संपली तरी थांबली नाही. चार तज्ज्ञांनी जे विचारले नाही ते सातवी शिकलेल्या बाईने विचारले, कारण तिच्याही घरी सहाला कोणी तरी येत असे. स्वतःच्या दुखण्याचे वेळापत्रक स्वतःला दिसत नाही. दुसरीचे दिसते, आणि तिचे पाहता पाहता आपले दिसू लागते. ताईला स्वतःविषयी काय दिसले ते तिने मला सांगितले नाही. मी विचारले नाही.

येथे आमचे एक स्नेही मला अडवतात. ते म्हणतात, "अहो, यात नवं काय? आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या, ओव्या म्हणायच्या, मन मोकळं व्हायचं. त्यांना कुठं होते असले आजार?" ओव्यांविषयी मलाही आदर आहे. पण आज्यांना हे आजार नव्हते, हे कोणी तपासले? त्यांच्यातल्या कितीजणींच्या 'अंगात येत' असे आणि कितीजणींना 'बाहेरची बाधा' झाली होती, ते त्यांनी आठवून पाहावे. शिवाय जात्यापाशी दुःख गाता येत होते, पण हात थांबवता येत नव्हता. गुरुवारच्या खोलीत हात मांडीवर स्वस्थ असतात. भजनी मंडळाचेही तेच. भजन ही चांगली गोष्ट आहे, पण टाळ वाजत असताना 'सहाला घरी कोण येतं' असे विचारायची सोय नसते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांच्या बाजूने मी निम्मा उभा आहे. ते म्हणतात, अशा गटात पाठवले की खरा रोग दडून राहील. इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो. पोटातला व्रण हा काळजीखोर माणसांचा आजार असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात त्यामागचा जंतू दाखवला आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी तपासणी झाली होती ती जेमतेम ८ जणींची. त्या बायकांना कोणी 'मनाचे खेळ' म्हणाले असते तर तो गुन्हाच ठरला असता.

पण याच्या शेजारी गोव्यातली पाहणी ठेवावी लागते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सुमारे अडीच हजार स्त्रियांना अंगावरून पांढरे जाण्याविषयी विचारले आणि जंतुसंसर्गाच्या तपासण्याही केल्या. २००५ साली त्यांनी लिहिले की, या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी आणि अंगभर पसरलेल्या अशाच इतर दुखण्यांशी अधिक घट्ट आहे. म्हणजे एकीकडे रोग होता आणि कोणी तपासले नाही. दुसरीकडे तक्रार होती, आणि जंतूंवरच्या गोळ्यांनी ती जाण्यासारखी नव्हती. दोन्हीकडे बाईचे पूर्ण ऐकून घेतले गेले नाही, हे समान.

तेव्हा आधी तपासा, नीट तपासा. आणि गटात बसवल्यावरही डॉक्टरने दार लावून घेऊ नये. लकवा किंवा आचके यांसारख्या लक्षणांना 'मानसिक' ठरवल्यावर पुढे दुसराच रोग निघाला, असे किती वेळा घडले याचा १,४६६ रोग्यांवरून घेतलेला हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला. १९५०च्या दशकात चूक शंभरात २९ होती. १९७० नंतर ती ४ वर आली. चार म्हणजे शून्य नव्हे. पण त्या चौघांच्या भीतीने उरलेल्या शहाण्णवांना जन्मभर सोनोग्राफीच्या रांगेत उभे करावे, हे शास्त्र नव्हे. तो धंदा आहे.

धंद्यावरून आठवले. ताईचा गट सात महिन्यांनी बंद झाला. कोणी भांडले नाही, कोणी आजारी पडले नाही. रुग्णालयाला खोली हवी होती. तिथे आता विम्याच्या कागदपत्रांची खिडकी आहे. मी व्यवस्थापकांना भेटायला गेलो. ते सौजन्याने म्हणाले, "सर, चांगला उपक्रम होता. पण आठ पेशंट दोन तास बसतात, त्याचं बिल कुठल्या सदराखाली टाकायचं?" मी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढला. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण द्यावे असे त्यात लिहिले आहे. ते हसले. "पण या बायकांना मानसिक आजार आहे असं कुठं लिहिलंय?" नव्हतेच लिहिलेले. अस्थितज्ज्ञाने लिहिले होते, हाडांत दोष नाही. मनोविकारतज्ज्ञाने लिहिले होते, वेड नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत ताई बसली होती, आणि फटीला सदर नसते.

एका एमआरआयचे यंत्र घ्यायला काही कोटी लागतात. ते मिळतात. गटाला लागते एक खोली, दहा खुर्च्या, दुपारचे दोन तास, एक शिकलेली समुपदेशक आणि पंधरा दिवसांतून एकदा डोकावणारा डॉक्टर. समुपदेशक मोठ्या पदवीचीच हवी असेही नाही. गोव्यातच २४ सरकारी व खाजगी दवाखान्यांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून उदास व चिंताग्रस्त रोग्यांना मदत देऊन पाहिली गेली. २०१० साली तिचे निष्कर्ष आले आणि सरकारी दवाखान्यांत चांगला गुण दिसला. ते काम मुख्यतः एकेकाशी बोलण्याचे होते, गटाचे नव्हे. पण बोलणारी माणसे घडवता येतात हे त्यातून ठरले. हा अंक वाचणाऱ्यांत रुग्णालयांचे विश्वस्त असतील, नगरसेवक असतील, डॉक्टर तर असतीलच. त्यांच्या इमारतीत दुपारी दोन ते चार रिकामी राहणारी एकही खोली नाही, हे त्यांनी मला पत्राने कळवावे.

त्या आठ जणींपैकी पाच जणी अजून भेटतात. एकीच्या घराची गच्ची आहे. पावसाळ्यात खाडा पडतो. समुपदेशक बाई दुसऱ्या शहरी गेल्या, अधूनमधून फोन करतात. ताई दीड तासाचा प्रवास करून जाते. तिचे दुखणे गेले नाही. कंबर अजून धरते. पण या वर्षी ती स्टुलावर चढली नाही. जळमटे मेहुण्यांनी काढली, हे मला तिनेच सांगितले. गेल्या जूनमध्ये पाच जणींतल्या एकीचे वजन भराभर उतरू लागले आणि हात कापू लागले. घरच्यांनी नेहमीप्रमाणे म्हटले, तिचे आहेच ते. बाकीच्या चौघींनी मानले नाही. त्या तिला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या आणि रक्त तपासायला लावले. थायरॉइडचा विकार निघाला. आता औषध चालू आहे. हे ओळखायला तिथे डॉक्टर असायला हवा होता. चार शेजारणींच्या जागरूकतेवर ते सोडायचे नव्हते.

असाच एखादा गट आमच्या गावातही बसावा म्हणून शाळेची एक वर्गखोली गुरुवारी दुपारी मिळावी, असा अर्ज मी श्रावणात केला आहे. शिकवायला येण्याचे एका समुपदेशक बाईंनी कबूल केले आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर अर्जाचा विचार होईल असे समजते.